वेबसाइट करण्याआधी तिचे नाव आपल्या नावावर करून घ्या

प्रश्न : सप्रेम नमस्कार. कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावी मी आणि माझ्या दोन जावा मिळून सात वर्षांपासून घरगुती उद्योग चालवतो. कोकम आगळ, आमसुले, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचे पीठ आणि मालवणी मसाला एवढा आमचा माल. मे महिन्यात आणि गणपतीत येणारे चाकरमानी तो घेऊन जातात आणि पुढे वर्षभर व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतात. भाचा म्हणतो, आता वेबसाइट काढलीच पाहिजे. एका कंपनीच्या माणसाने त्यासाठी ५५ हजार रुपये सांगितले, शिवाय दरवर्षी १५ हजार. डोमेन, होस्टिंग, एसएसएल, एसईओ असे पुष्कळ शब्द तो बोलला. मला त्यातले काही कळले नाही आणि विचारायला संकोच वाटला. मी दहावीपर्यंत शिकले आहे. वेबसाइट म्हणजे नेमके काय, आम्हाला तिची खरोखर गरज आहे का आणि यात फसवणूक तर होणार नाही ना, हे समजावून सांगावे.

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र वाचून पहिली गोष्ट सांगाविशी वाटली ती ही, की संकोच तुम्ही बाळगण्याचे काहीच कारण नव्हते. जो माणूस ५५ हजार रुपये मागतो, त्याने आपल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ तुम्हाला कळेल अशा मराठीत सांगणे हा त्याच्या कामाचाच भाग आहे आणि तो सांगता येत नसेल, तर त्याच्याशी व्यवहार पुढे नेऊ नये. तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर असे, की वेबसाइटचा तुम्हाला उपयोग होईल, पण ती छोटी असावी, ५५ हजारांची नसावी. घाई करायचीच असेल तर ती एकाच गोष्टीची करा : तुमच्या उद्योगाच्या नावाचे डोमेन तुमच्या स्वतःच्या नावावर नोंदवून घ्या. असे का, ते कळण्यासाठी आधी हे सगळे चालते कसे, ते पाहू.

समजा, डोंबिवलीत राहणाऱ्या एका बाईंना सोलकढी करायची आहे आणि घरातले आगळ संपले आहे. तुमची आणि त्यांची ओळख नाही. त्या मोबाइलवर गुगल उघडून ‘कोकम आगळ’ असे लिहितात, आलेल्या यादीतल्या एका नावावर बोट ठेवतात आणि दोन-तीन सेकंदांत त्यांच्यासमोर बाटल्यांची छायाचित्रे, भाव आणि फोन नंबर असलेले एक पान उघडते. ते पान त्यांच्या मोबाइलमध्ये आधीपासून नव्हते. ते दूर कुठेतरी रात्रंदिवस चालू असणाऱ्या एका संगणकावर साठवलेले होते. अशा संगणकाला सर्व्हर म्हणतात आणि त्यावर आपल्या पानांसाठी भाड्याने घेतलेली जागा म्हणजे होस्टिंग. प्रत्येक सर्व्हरला आकड्यांचा एक पत्ता असतो, पण असे आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत. म्हणून त्यांच्याऐवजी अक्षरांचे नाव वापरण्याची सोय केलेली आहे. हे नाव म्हणजे डोमेन. बाईंनी त्या नावावर बोट ठेवले, की हे नाव कोणत्या आकड्याचे आहे ते त्यांचा मोबाइल जगभर पसरलेल्या एका नोंदवहीतून विचारून घेतो, त्या आकड्याच्या सर्व्हरला पान मागतो आणि सर्व्हर ते पान लहान लहान तुकड्यांत पाठवून देतो. मोबाइलमधला ब्राउझर ते तुकडे जोडून दाखवतो. हे तुकडे ज्या तारांमधून, समुद्राखालच्या केबलींमधून आणि मोबाइलच्या टॉवरवरून जातात, ते एकमेकांना जोडलेल्या संगणकांचे सगळे जाळे म्हणजे इंटरनेट. आणि त्या जाळ्यावर ठेवलेली, एकमेकांशी जोडलेली पाने म्हणजे वेब. तुम्ही रोज वापरता ते व्हॉट्सअ‍ॅप इंटरनेटवरूनच चालते, पण तिथले तुमचे संदेश आणि फोटो गुगलवर शोधणाऱ्याला सापडत नाहीत. हा भेद ध्यानात ठेवा, कारण तुमचा अर्धा प्रश्न त्यात सुटतो.

आपल्या देशात सर्वसामान्य माणसासाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीने खुले केले. वेबची कल्पना त्याआधी, १९८९ मध्ये, टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत काम करताना मांडली होती आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र कोणालाही विनामूल्य वापरता येईल असे जाहीर केले. हा इतिहास मी एवढ्यासाठीच सांगितला, की वेबसाइट काढण्यासाठी कोणाच्या परवानगीची किंवा परवान्याची गरज नाही, हे तुम्हाला ठाऊक असावे. ‘इंटरनेटचे लायसन्स’, ‘वेबसाइटची सरकारी नोंदणी फी’ असे शब्द वापरून कोणी पैसे मागू लागला, तर तो खोटे बोलत आहे. तुम्हाला जे परवाने लागतात ते खाद्यपदार्थ बनवण्याचे आणि विकण्याचे आहेत आणि त्यांच्याविषयी पुढे लिहिले आहे.

आता गरजेचा प्रश्न. आज जे चाकरमानी तुमच्याकडून माल मागवतात, त्यांच्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप पुरेसे आहे आणि ते सोडण्याचे काही कारण नाही. साध्या व्हॉट्सअ‍ॅपऐवजी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे मोफत अ‍ॅप घेतले, तर त्यात मालाची यादी छायाचित्रांसह आणि भावांसह लावता येते, म्हणजे तेच उत्तर रोज दहा जणांना लिहावे लागत नाही. हे काम या आठवड्यातच करता येईल. परंतु व्हॉट्सअ‍ॅपवर ज्याच्याकडे तुमचा नंबर आहे तोच येतो. डोंबिवलीच्या त्या बाईंकडे तो नाही आणि तिथल्या तुमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाने त्यांना सांगितले नाही, तर तो त्यांना कधी मिळणारही नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी शोधले असता सापडेल असे एखादे पान लागते.

त्यावर तुम्ही विचाराल, की मग फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर पान काढले तर चालणार नाही का. जरूर काढावे, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नये. गुगलची गोष्ट सांगतो. छोट्या व्यावसायिकांना गुगल पूर्वी एक छोटी वेबसाइट फुकट करून देत असे आणि देशभरातल्या असंख्य दुकानदारांनी ती केली होती. मार्च २०२४ मध्ये गुगलने ही सोय बंद केली. ज्यांनी तोच पत्ता पाट्यांवर आणि कार्डांवर छापला होता, त्यांचा तो पत्ता काही महिन्यांतच निरुपयोगी झाला. गुगलने नियमाबाहेर काही केले असे मी म्हणणार नाही. सोय त्यांची होती, त्यांनी ती आवरून घेतली. कोकणात जमिनीचे व्यवहार पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही : घर कितीही चांगले बांधा, सातबारा दुसऱ्याच्या नावावर असेल तर एक दिवस प्रश्न उभा राहतोच. इंटरनेटवर सातबाऱ्याच्या सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे डोमेनची नोंद, म्हणून मी तिच्यापासून सुरुवात करायला सांगत आहे.

डोमेन कायमचे विकत मिळत नाही. ते एका वेळी कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नोंदवता येते आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावे लागते. शेवटी ‘डॉट इन’ असलेले नाव भारताचे आहे आणि त्याची व्यवस्था निक्सी ही संस्था पाहते. ‘डॉट कॉम’ जगभर चालते. दोन्हींचा खर्च वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर असतो. पहिल्या वर्षी सवलतीचा भाव दाखवून दुसऱ्या वर्षी जास्त घेण्याची पद्धत या धंद्यात सर्रास आहे, तेव्हा नोंदणी करताना नूतनीकरणाचा भाव आधी विचारावा. २०१४ पासून देवनागरीत लिहिलेले ‘डॉट भारत’ हे डोमेनही मिळते आणि मराठी उद्योगाचे नाव मराठी अक्षरांत पाहताना मला स्वतःला फार समाधान वाटते. पण काही ठिकाणी असा पत्ता अजून नीट स्वीकारला जात नाही, म्हणून ते घ्यायचेच तर दुसरे नाव म्हणून घ्यावे आणि मुख्य नाव इंग्रजी अक्षरांतलेच ठेवावे. ते लहान असावे आणि फोनवर एकदा सांगितल्यावर ऐकणाऱ्याला चूक न करता लिहिता यावे. आगळ हा शब्द इंग्रजीत कोणी एक ‘ए’ घालून लिहितो, कोणी दोन. असा शब्द नावात टाळलेला बरा.

आणि सर्वांत महत्त्वाचे : नोंदणी करताना मालक म्हणून तुमचे नाव, तुमचा मोबाइल नंबर आणि तुमचा स्वतःचा ईमेल द्या. कंपनीचा नको आणि भाच्याचाही नको, तो कितीही प्रेमळ असला तरी. उद्या त्याला नोकरीसाठी पुण्याला जावे लागले, तर नूतनीकरणाची आठवण त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहील आणि इकडे नाव सुटून जाईल. माझ्या एका नातेवाइकांचे छापखान्याचे काम आहे. वेबसाइट करून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतले होते, हे त्यांना सहा वर्षांनी, त्याच्याशी बिनसल्यावर कळले. नाव परत देण्यासाठी त्याने मागितलेली रक्कम मूळ वेबसाइटच्या किमतीपेक्षा जास्त होती. शेवटी त्यांनी दुसरे नाव घेतले आणि बिलबुकापासून पाटीपर्यंत सगळे नव्याने छापले. वर्षाला हजार रुपयांच्या नोंदीकडे लक्ष न दिल्याने झालेले ते नुकसान मी जवळून पाहिले आहे, म्हणून या एका गोष्टीबाबत मी इतका आग्रही आहे.

त्या कंपनीने सांगितलेल्या बाकीच्या शब्दांपैकी होस्टिंग वर आलेच. तुमच्यासारख्या चार-पाच पानांच्या वेबसाइटला त्याचा खर्च वर्षाला साधारण दोन ते पाच हजार रुपये येतो. एसएसएल म्हणजे गिऱ्हाइकाचा मोबाइल आणि सर्व्हर यांच्यामध्ये जाणारी माहिती वाटेत कोणाला वाचता येऊ नये, यासाठीची सोय. ती हवीच, पण लेट्स एन्क्रिप्ट नावाची एक ना-नफा संस्था त्यासाठीचे प्रमाणपत्र फुकट देते आणि बहुतेक होस्टिंग कंपन्या ते आपणहून लावून देतात. त्यासाठी कोणी वेगळे पाच हजार लावत असेल तर कारण विचारा. जाता जाता हेही सांगतो, की एसएसएल असल्यामुळे माहितीची वाहतूक सुरक्षित होते, समोरचा विक्रेता प्रामाणिक आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. तुम्ही स्वतः कुठे खरेदी कराल तेव्हा हे लक्षात असू द्या. एसईओ म्हणजे शोधणाऱ्याला आपले पान सापडावे अशा रीतीने ते लिहिणे आणि मांडणे. गुगलच्या यादीत येण्यासाठी गुगलला पैसे द्यावे लागत नाहीत. पैसे देऊन दाखवल्या जातात त्या जाहिराती आणि त्यांच्यावर तसे लिहिलेले असते. ‘पहिल्या पानावर पहिला नंबर देतो’ अशी हमी कोणालाच देता येत नाही, हे खुद्द गुगलनेच सांगून ठेवले आहे.

वेबसाइट बांधण्यासाठी वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर २००३ पासून विनामूल्य मिळते आणि जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइट त्यावर चालतात, त्यामुळे ते जाणणारी मुले कुडाळ-सावंतवाडीतही मिळतील. भाच्याला थोडी आवड असेल तर दोन रविवारांत तोही साधी वेबसाइट उभी करू शकेल. कोणाला पैसे देऊन करून घ्यायचीच असेल, तर त्यांना लेखी विचारा, की डोमेन आणि होस्टिंग माझ्या नावावर असेल ना, सर्व पासवर्ड मला मिळतील ना, वेबसाइटची पूर्ण प्रत दर काही महिन्यांनी माझ्याकडे ठेवायला द्याल ना, भाव बदलायचा असेल तर तो मला स्वतःला बदलता येईल ना आणि दरवर्षीच्या १५ हजारांत नेमके काय काय येते. ५५ हजार मागणारा माणूस लबाडच असेल असे मी म्हणत नाही. कदाचित त्याने तुमच्यासाठी मोठ्या दुकानाला लागते तशी, टोपलीत माल टाकून तिथेच पैसे भरण्याची व्यवस्था धरली असेल. ती आज तुमच्या गरजेची नाही. महिन्याला शे-दीडशे ऑर्डरी बाहेरगावाहून येऊ लागल्या आणि वहीत हिशेब ठेवणे अवघड झाले, की मग तिचा विचार करा.

आता ज्या गोष्टीवर मी तुम्हाला सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगेन, तिला पैसे लागत नाहीत. ती म्हणजे पानावर काय लिहायचे. छोट्या उद्योगांच्या वेबसाइट उघडल्या, की ‘गुणवत्ता हेच आमचे ध्येय’ अशी वाक्ये दिसतात. ती वाचून कोणी बाटली मागवत नाही. त्याऐवजी गिऱ्हाइके तुम्हाला फोनवर काय विचारतात, ते आठवा. आगळ आणि कोकम सरबत यांत फरक काय, हे मुंबई-पुण्याच्या निम्म्या लोकांना ठाऊक नसते. आगळ म्हणजे मीठ घातलेला, साखर नसलेला रस, तो सोलकढीला लागतो आणि सरबताच्या पाकात साखर असते, हे तुम्ही चार वाक्यांत लिहिले, तर आगळ घेऊन त्यात नुसते पाणी घालून प्यायल्यावर ‘फार खारट आहे’ अशी तक्रार करण्याची वेळ गिऱ्हाइकावर येणार नाही. चार माणसांच्या सोलकढीला किती चमचे आगळ आणि किती वाट्या नारळाचे दूध, हे लिहा. आमसुले किती वेळा रसात बुडवून वाळवता, काळी पडली तर ती खराब झाली असे समजायचे का, हे लिहा. आंबापोळीत साखर घालता की नाही, घालत असाल तर किती, हे स्पष्ट सांगा, कारण मधुमेह असलेल्या माणसाला ते हवे असते. कोणता माल वर्षभर मिळतो आणि कोणता जून उजाडला की संपतो. बाटली काचेची की प्लास्टिकची. पार्सल पुण्याला किती दिवसांत पोहोचते. वाटेत बाटली फुटली तर तुम्ही काय करता. गुगलचा शोध याच मजकुरावर चालतो : त्याचे प्रोग्राम पानांवरचे शब्द वाचून ठेवतात आणि कोणी ते शब्द किंवा तसा प्रश्न विचारला, की जुळणारे पान दाखवतात. तेव्हा तुमच्या गिऱ्हाइकांचे खरे प्रश्न आणि तुमची खरी उत्तरे हाच तुमचा एसईओ.

हा मजकूर मराठीतच लिहा. इंग्रजी येत नाही याची खंत करू नका. मात्र प्रत्येक पदार्थाच्या पानावर त्याचे नाव इंग्रजी अक्षरांतही, लोक लिहितात त्या दोन-तीन प्रकारांनी, घालून ठेवा, कारण मराठी माणसेसुद्धा मोबाइलवर शोधताना पुष्कळदा इंग्रजी अक्षरेच वापरतात. बंगळूर किंवा हैदराबादच्या गिऱ्हाइकासाठी इंग्रजीत पाच-सहा ओळी भाच्याकडून लिहून घ्या. आणि एक चूक आपल्याकडे वारंवार होते, ती टाळा. छापखान्यात किंवा डीटीपी करणाऱ्याकडे मराठी मजकूर अजूनही कधी कधी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला असतो. तो जसाच्या तसा वेबसाइटवर टाकला तर अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात आणि चित्र करून टाकला तर तो शोधात सहजी सापडत नाही. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही मोबाइलवर किंवा संगणकावर नीट दिसणाऱ्या अक्षरपद्धतीतच हवा. मोबाइलवर तुम्ही जी मराठी टाइप करता ती युनिकोडच असते, त्यामुळे मजकूर मोबाइलवर लिहून किंवा बोलून काढला तरी काम होईल.

छायाचित्रे तुमच्याच मालाची हवीत, कुठून तरी उतरवून घेतलेली नकोत. सकाळी दहाच्या सुमारास पडवीत, ऊन थेट न पडेल अशा ठिकाणी, बाटलीमागे साधे सुती कापड धरून मोबाइलने काढलेला फोटो पुरेसा चांगला येतो. रतांबे (कोकमाची फळे) फोडताना तुमचे आणि जावांचे हात दिसणारा एखादा फोटो जरूर घाला. मोबाइलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो दोनशे केबीच्या आसपास लहान करूनच वेबसाइटवर चढवावा, नाहीतर रेंज कमी असलेल्या ठिकाणी पान उघडता उघडता माणूस कंटाळून निघून जातो.

वेबसाइटबरोबरच गुगल बिझनेस प्रोफाइल काढा. नकाशावर दुकानाचे नाव, वेळ, फोन आणि लोकांचे अभिप्राय दिसतात, ती हीच सोय. ती मोफत आहे आणि मालकी पटवण्यासाठी गुगल पुष्कळदा जागेचा छोटा व्हिडिओ मागते. घरातच काम चालत असल्यामुळे अनोळखी माणसे दारात यायला नको असतील, तर पत्ता न दाखवता फक्त परिसर दाखवता येतो. चांगला अभिप्राय लिहा असे नेहमीच्या गिऱ्हाइकांना सांगण्यात गैर काही नाही. पैसे देऊन खोटे अभिप्राय मात्र लिहून घेऊ नयेत. ‘गुगलमधून बोलतोय, तुमचे प्रोफाइल बंद होणार, पैसे भरा’ असा फोन आला तर तो ठेवून द्या.

पैशांसाठी सध्या यूपीआय पुरे आहे. वेबसाइटवर पैसे घेण्याची पेमेंट गेटवेची व्यवस्था केली, तर प्रत्येक व्यवहारामागे साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी जातो. दीडशे रुपयांच्या बाटलीवर हा भार आज घेण्याची गरज नाही. मात्र वेबसाइट सुरू झाली, की अनोळखी माणसे येऊ लागतील आणि त्यांच्यात लबाडही असतील. त्यांची एक ठरलेली रीत आहे. स्वतःला लष्करातला अधिकारी म्हणवणारा कोणी मोठी ऑर्डर देतो, भावाची घासाघीस करत नाही आणि पैसे पाठवण्याच्या बहाण्याने तुम्हालाच एक क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायला सांगतो. ताई, हे घरातल्या सर्वांना पाठ करायला लावा, की यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना लागतो, पैसे घेताना कधीही लागत नाही. तसेच पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाहून माल पाठवू नका. स्वतःच्या खात्यात रक्कम जमा झालेली दिसली, की मगच पार्सल बांधा. एवढे करूनही काही घडलेच, तर त्याच क्षणी १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम मधेच अडवली जाण्याची शक्यता जास्त. डोमेन, ईमेल, गुगल यांचे पासवर्ड वेगवेगळे ठेवा, एका वहीत लिहून ती वही कपाटात ठेवा आणि ओटीपी कोणालाही सांगू नका, समोरचा बँकेचा माणूस असल्याचे सांगत असला तरीही.

कायद्याच्या दोन-तीन बाबी आहेत. तुमचा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक लेबलवर असेलच. तो वेबसाइटवरही घाला. नसेल, तर वेबसाइटचे काम थांबवून आधी तो घ्या. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० मध्ये आले आहेत आणि त्यांप्रमाणे विक्रेत्याचे नाव, पत्ता, संपर्क, माल परत घेण्याचे व पैसे परत देण्याचे नियम आणि तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचे नाव वेबसाइटवर द्यावे लागते. यातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा जीएसटीचा. राज्याच्या आत विक्री करणाऱ्या छोट्या उद्योगाला ठरावीक उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नसते, परंतु करपात्र माल राज्याबाहेर विकायचा झाला, तर उलाढाल कितीही लहान असली तरी साधारणपणे नोंदणी आवश्यक होते. तुमच्यापासून पणजी ही रत्नागिरीपेक्षाही जवळ, पण ते दुसरे राज्य आहे. तेव्हा ‘भारतभर घरपोच’ असे वेबसाइटवर लिहिण्याआधी कुडाळच्या एखाद्या सीएला तुमच्या पदार्थांची यादी दाखवून विचारा. तोपर्यंत ‘महाराष्ट्रात कोठेही’ एवढेच लिहिले तर काही बिघडत नाही. तुमचे बहुतेक चाकरमानी तसेही महाराष्ट्रातच आहेत. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली नसेल तर तीही करा. सरकारी संकेतस्थळावर ती पूर्णपणे विनामूल्य आहे आणि तशाच दिसणाऱ्या इतर संकेतस्थळांवर त्यासाठी पैसे उकळले जातात, म्हणून पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ आहे ना, हे पाहून घ्या.

पहिल्या वर्षाचा खर्च मांडला तर डोमेनचे हजारभर, होस्टिंगचे तीन-चार हजार आणि कोणाकडून पाने मांडून घेतली तर त्याच्या मेहनतीचे पाच ते दहा हजार, असे पंधरा हजारांच्या आत सगळे बसते. भाच्याने केले तर पाच हजारांत. उरलेले पैसे मी तुमच्या जागी असतो तर बाटलीच्या चांगल्या झाकणांवर आणि पार्सलच्या जाड खोक्यांवर खर्च केले असते, कारण अनोळखी गिऱ्हाइकाच्या दारात गळकी बाटली पोहोचली, तर त्याचा अभिप्राय वेबसाइटपेक्षा लवकर वाचला जातो.

रतांब्याचा हंगाम सुरू होण्याआधी नवी लेबले छापायला टाकाल, तेव्हा डोमेन हातात आलेले असेल असे पाहा, वेबसाइट अजून तयार नसली तरी चालेल. फोन नंबरच्या खाली तो पत्ता ठळक छापा. गावाहून नेलेली बाटली ठाण्याच्या किंवा नागपूरच्या एखाद्या घरी पाहुण्यांसमोर जेवणाच्या टेबलावर ठेवली जाते, ‘हे कुठून आणले’ असे कोणीतरी विचारते आणि त्या घडीला तुमचा नंबर ज्याच्याकडे आहे तो माणूस तिथे असेलच असे नाही. लेबल मात्र तिथे असते.